कोकरांच्या जाळीत दोन ससे

मित्रांनो, मी एक जुनी तारेची जाळी आहे. भूमच्या आठवडी बाजारातून गुंडाप्पा आबांनी मला खांद्यावर टाकून गावी आणलं, तेव्हा मी नवीकोरी होते. आबांकडे साठ मेंढरं होती. ती रानात गेली की मागं राहिलेली कोकरं माझ्या आत असत. एकही कोकरू कधी सुटलं नाही, की कुत्र्याला कधी आत तोंड घालता आलं नाही. "जाळी लई नेकीची हाय," असं आबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. खोटं कशाला बोलू, त्याचा मला ताठाच चढला होता.

पुढं आबांचे गुडघे थकले आणि मेंढरं विकली गेली. मला गुंडाळून गोठ्यामागं टाकलं. कारल्याचा वेल माझ्यावर चढला, वाळला, पण कुणी ढुंकून पाहिलं नाही.

आबांची नात समृद्धी पाचवीत गेली, त्या वर्षी तिच्या वडिलांनी, शिवशंकरनं, परंड्याहून एक पांढरा ससा आणला. त्याचं नाव कापश्या. त्याला अंगणात मोकळं पळता यावं म्हणून आबांनी मला उलगडून लिंबाखाली उभं केलं. किती बरं वाटलं म्हणून सांगू! पण कापश्या एकटा कंटाळतो, असा समृद्धीनं धोशा लावला. मग शिवशंकरनं एक काळा ससाही आणला.

कळपात नवं मेंढरू आलं की आबा त्याला बाकीच्यांसोबत दाटीनं कोंडत. दुसऱ्या दिवशी नवं कोणतं, जुनं कोणतं, ओळखू येत नसे.

"आबा, हे भांडायचे न्हायत ना?" समृद्धीनं विचारलं.

"ससं कुठं भांडत्यात व्हय? एका जाळीत कोंडलं की जीव लागतो. म्या जन्मभर हेच केलंय."

त्यांनी मला आवळून जागा निम्मी केली, दोन्ही ससे आत सोडले, दाराला सुतळीच्या गाठी मारल्या आणि आजा-नात चहाला घरात गेले.

काळ्यानं झेप घेतली ती थेट कापश्याच्या पाठीवर. केसांचे पुंजके उडाले. कापश्या माझ्या कडेकडेनं पळत सुटला, प्रत्येक भोकात नाक खुपसून वाट शोधू लागला. लपायला एक खोकंसुद्धा नव्हतं. मित्रांनो, मी एकही तार सैल सोडली नाही. माझ्या मजबुतीची मला त्या दिवशी पहिल्यांदा लाज वाटली. समृद्धी किंचाळत आली. आबांना स्वतःच मारलेल्या गाठी सुटेनात. शेवटी त्यांनी मला मेखांसकट उपटलं. तोवर कापश्याचा कान फाटला होता आणि पाठीचं कातडं उघडं पडलं होतं.

भूमच्या जनावरांच्या डॉक्टरांनी टाके घातले. "उद्या दुपारपर्यंत यानं काही खाल्लं तरच आशा आहे," असं ते म्हणाले. समृद्धी आबांकडे पाठ फिरवून न जेवताच झोपली. आबाही जेवले नाहीत. हिरव्या घासाची काडी हातात धरून, कापश्याला ठेवलेल्या टोपलीजवळ बसून राहिले.

"मेंढराचं शहाणपण सशाला लावलं. चुकलो गं पोरी," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं, तेव्हा कापश्यानं ती काडी हळूच ओढली. आबा लहान पोरासारखे रडले. समृद्धीनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं.

मग आबांनी पक्कड घेतली आणि माझे दोन तुकडे केले. दुखलं खरं. दोन वेगळी कुंपणं झाली. दात पोचू नयेत म्हणून मधे हातभर अंतर ठेवलं, खालून उकरू नयेत म्हणून मला वीतभर जमिनीत गाडलं. एकमेकांचा वास अंगवळणी पडावा म्हणून समृद्धी सशांच्या जागा अदलाबदल करी. दोन्ही ससे नर होते; जखम भरल्यावर, भांडणं कमी व्हावीत म्हणून डॉक्टरांनी त्यांना खच्ची केलं. आणखी दोन महिन्यांनी त्यांना शेजारच्या अंगणात, दोघांनाही नव्या असलेल्या जागी, थोडा वेळ सोडलं. एका बाजूनं अडवलं तर दुसरीकडून निसटता यावं म्हणून दोन तोंडांची दोन खोकी ठेवली. आबा आणि समृद्धी डोळ्यांत तेल घालून बसले. पहिले काही दिवस गुरगुर झाली की लगेच त्यांना वेगळं करत. आता दोघं एकमेकांना टेकून सावलीला झोपतात. सगळ्याच सशांचं असं जमतं, असं मात्र समजू नका.

मित्रांनो, मुके जीव एकत्र सोडाल तेव्हा त्यांना पळायला जागा ठेवा, लपायला आडोसा ठेवा आणि तुम्ही तिथून हलू नका. आत चाललेलं मला सगळं दिसतं हो, पण सोडवायला मला हात नाहीत.