श्वासम्माचा उशीर

डिसेंबरातली सकाळ, साडेसहाला दोन मिनिटं कमी. राजाजीनगरातल्या त्या नव्याकोऱ्या तीनमजली इमारतीच्या आतल्या बोळात साठेक माणसं शाली-मफलर गुंडाळून दात वाजवत उभी होती. समोर भिंतीत जाळी, जाळीखाली देवीची तसबीर, आणि तसबिरीशेजारी रेशमी कफनीतले उष्णानंद महाराज.

"श्वासम्मा! लेकरं गारठलीत, आई! सोड तुझा श्वास!"

साडेसहाच्या ठोक्याला जाळीतून भस्सकन ऊन वारा आला. हार हलला, समई फडफडली. बायकांचे डोळे भरून आले, पुरुषांनी टोप्या काढल्या. पाऊण तासाने भिंतीआड 'खट्ट' वाजलं. "पैंजण आपटून आई निघाली!" महाराजांनी जाहीर केलं.

रोज अगदी असंच. ऑफिसच्या वेळा पाळणारी देवी बंगळुरात ही पहिलीच. रविवारी तर ती चक्क सुट्टी घ्यायची!

ही इमारत मोजमापाची नाजूक उपकरणं तपासणाऱ्या एका कंपनीची. साहेबलोक नऊला यायचे, तोवर देवी येऊन गेलेली असायची. पहाटे दार उघडायचा रखवालदार पिराजी. त्याची पाठदुखी म्हणे अंगाऱ्याने पार बरी झाली होती. चालायचा मात्र तसाच वाकून.

याच कंपनीतले कारकून आप्पाजी यांची मुलगी शालन दहावीत होती. वक्तृत्वाची ढाल मिळाल्यापासून तिच्या जिभेला धार आली, असं आईचं, म्हणजे कस्तुराबाईंचं म्हणणं. डोक्याला आली, असं शालनचं.

त्या मंगळवारी ती आईबरोबर आली, आणि नेमकी देवीच आली नाही. साडेसहा झाले. पावणेसात झाले. सात वाजले. ओरडून ओरडून महाराजांचा घसा बसला. शालनने आईच्या कानात, पण ढाल मिळवलेल्या आवाजात विचारलं, "आई, देवीची बस चुकली का ग?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. महाराजांना हवं ते सावज मिळालं.

"ही! हिच्या पोटात शंका आहे! ही पोर यंत्रांची पुस्तकं वाचते, म्हणून आई रुसली! अठ्ठेचाळीस दिवस हिची शाळा बंद! इथं झाडलोट करू दे!"

आणि महाराजांचं नशीब बघा, वारा नेमका तेव्हाच आला. सात वाजून दहा मिनिटांनी.

झालं! दप्तर कपाटावर गेलं. शनिवारी बारापर्यंत एसएसएलसीचा फॉर्म भरायचा होता आणि त्यावर वडिलांची सही लागणार होती. आप्पाजी म्हणाले, "सरी, सरी, असू दे. पुढल्या वर्षी बस की परीक्षेला. देवीशी कोण वाद घालणार?"

"देवीशी नाही अण्णा, महाराजांशी!"

"स्वल्प हळू बोल ग!"

बुधवारी सातवर दहा. गुरुवारीही सातवर दहा. "आईने मुहूर्त बदलला!" महाराज म्हणाले. झाडू मारता मारता शालनच्या मनात आकडे फिरत होते. रुसलेलं माणूस कधी अर्धा तास फुगतं, कधी दोन दिवस. ही देवी रोज बरोब्बर चाळीस मिनिटं रुसते? आणि चाळीस मिनिटं तिने अलीकडेच कुठे ऐकली होती?

सोमवारी संध्याकाळी! वीज गेली, भूमिती कंदिलावर संपवावी लागली, आणि दिवे आल्यावर मनगटावरचं घड्याळ बघून अण्णाच म्हणाले होते, "चाळीस मिनिटं खाल्ली की ह्या वीजवाल्यांनी!"

म्हणजे देवी विजेवर चालते?

शुक्रवारी तिने इमारतीचे इलेक्ट्रिशियन जयतीर्थ यांना जिन्यातच गाठलं. "काका, गच्चीवरच्या खोलीत काय आहे?"

"हीटर, पंखा, घड्याळ. का?"

"मग इतके दिवस खाली कुणाला सांगितलं का नाही?"

"यारू केळलिल्लव्वा!" जयतीर्थ निरागसपणे म्हणाले. "कोणी विचारलंच नाही!"

शनिवारी सकाळी सातला एक मिनिट कमी असताना शालन झाडू घेऊन गर्दीसमोर उभी राहिली. "महाराज, बरोब्बर सातला देवीला बोलवा."

"आई कुणाची चाकर नाही, मूर्ख मुली!"

"मग मी बोलावते." अण्णांचं घड्याळ तिच्या मनगटावर होतं. तिने झाडू उंच धरला. "श्वासम्मा, ये ग बाई! फॉर्मची वेळ निघून चालली!"

भस्स!

शेजारच्या भागुबाईंनी शालनच्या पायांवर लोटांगणच घातलं. "शालम्मा!" पिराजी नारळ आणायला धावला. "मीच हिच्यात शक्ती सोडली!" महाराज घाईघाईने ओरडले. आणि सख्ख्या आईने हात जोडले.

खोटं कशाला बोला, क्षणभर शालनला बरं वाटलं. देवी होणं इतकं सोपं असतं तर! पण आईचे जोडलेले हात बघवेनात.

"उठा सगळे! माझे पाय काय बघता? तुमचे पाय हलवा. चला, गच्चीवर!"

वर जयतीर्थ दार उघडून उभे होते. भिंतीवर एक मोठी तबकडी हळूहळू फिरत होती, तिच्या कडेला पितळी खुंट्या.

"थंडीत उपकरणांची मापं चुकतात," जयतीर्थ म्हणाले, "म्हणून माणसं यायच्या आत खालचा हॉल ऊबदार करून ठेवायचा. ह्या पत्र्याच्या नळीतून ऊन हवा हॉलमध्ये आणि बोळातल्या जाळीत उतरते. ही खुंटी साडेसहाला हीटर आणि पंखा चालू करते. रविवारची खुंटी काढलेली. सोमवारी वीज गेली, घड्याळ चाळीस मिनिटं मागे पडलं. काल मी ते नीट लावलं आणि ह्या मुलीच्या सांगण्यावरून खुंटी सातवर सरकवली."

"आणि पैंजण?" कस्तुराबाईंनी हळूच विचारलं.

"तोवर बाहेरची झडप बंद असते, आतलीच हवा फिरवून तापवायची. हॉल तापला की हीटर बंद होतो आणि ताज्या हवेसाठी झडप उघडते. थांबा, ऐकाल."

सगळे थांबले. पावणेआठला त्यांच्या डोळ्यांदेखत पत्र्याची झडप उघडली. खट्ट! सवयीने गर्दीतल्या आप्पाजींचे हात जुळले. त्यांनी ते खिशात घातले.

"काय गुंडू," जयतीर्थ मागे वळून म्हणाले, "इमारत बांधताना हे पत्रे खांद्यावरून तूच चढवलेस की रे वर?"

पण गुंडू महाराज एव्हाना दोन-दोन पायऱ्या गाळत खाली पोचले होते.

"म्हणजे माझी पाठ?" पिराजी म्हणाला.

"ती दुखतेच आहे, मामा. डॉक्टरला दाखवा."

घरी आईने स्टूल घेऊन स्वतः दप्तर खाली काढलं, धूळ पदराने पुसली आणि आप्पाजींपुढे फॉर्म ठेवला. "करा सही. उशीर नको."

साडेअकराला फॉर्म शाळेत पोचला. कुणीही अंगारा न लावता.

वाचकहो, ऊन वारा आला तर खुशाल अंग शेका, पण लगेच डोळे मिटू नका. वारा कुठून आला ते विचारा. विचारलं नाही तर माहीत असलेला माणूससुद्धा सांगत नाही. आणि जिना असेल तर चढा. गच्चीचं दार बहुतेक वेळा उघडता येतं.