एका खटक्यावर दोन वायरी

दिवाळे गावातल्या शांतीच्या घरात एमसीबीची पेटी भरून गेली होती. आधी पंप आला, मग गीझर, मग वॉशिंग मशीन, मग वर चढवलेला मजला. एकेक करत सगळे खण संपले. आणि आता तिच्या लेकाला, प्रितेशला, हॉलमध्ये एसी हवा होता. त्याचे सासू-सासरे पहिल्यांदाच नवा हॉल बघायला येणार होते ना!

"पेटी मोठी घ्या," वायरमन कुंदन म्हणाला. "थोडी भिंत फोडावी लागेल."

"भिंत? अरे, आत्ताच पीओपी केलंय!" प्रितेशने मोबाईल त्याच्या नाकासमोर धरला. कुठल्याशा परदेशी घरात एकाच खणात दोन बारके खटके बसवले होते. "हे बघ, असं टाक."

"ते तिकडच्या पेटीला. आपल्याकडे नाय बसत."

"मग एका खटक्यावर दोन वायरी दे. फ्रीजर आणि एसी."

चहा गाळता गाळता शांती थांबली. फ्रीजर म्हणजे तिचा जीव. पावसाळी मासेमारीबंदीच्या आधी सुरमई नि कोलंबी घेऊन तिने तो गच्च भरला होता. होड्या बांधलेल्या असताना जुईनगरच्या बायकांना गटारीला चांगली सुरमई देईन, असा शब्द देणारी ती एकटीच. नवरा गेल्यावर याच फ्रीजरवर तिने प्रितेशला शिकवलं, म्हणून तर तो बेलापूरच्या ऑफिसात चिकटला. हे त्याला कुणी सांगायची गरज पडू नये. पण असो.

"दोन्ही एकदम चालले तर खटका पडणार," कुंदनने बजावलं. "आणि मोठा खटका टाक म्हणू नका, वायर जळेल. एसी लावाल तेव्हा फ्रीजर बंद ठेवा."

"आई, दोन तासांचा तर प्रश्न आहे," प्रितेश लाडात आला.

लेक लाडात आला की शांती विरघळायची. "दिवसभर बंद ठेव की. माल दगडासारका हाय. फकस्त झाकन उघडू नको. थंडी भायेर गेली का समदं गेलं."

"नाय उघडत गं. टेन्शन नको घेऊ. आणि तू त्या दिवशी बाजारात जाऊन बस, इकडचं मी बघतो."

आईच्या पदराला मासळीचा वास येतो, हे तो तोंडाने बोलला नाही. शांतीला ते कळलं. तरी पाहुणे यायचे त्या दिवशी, गटारीच्या आदल्या दिवशी, ती निमूट बाजारात जाऊन बसली, खाडीची थोडी मासळी पुढ्यात घेऊन.

दिवेलागणीला परतली तेव्हा पाहुणे केव्हाच गेले होते. हॉल मात्र गारेगार. फ्रीजरखाली लालसर पाणी साचलेलं. आत उभ्या ठेवलेल्या कोल्ड्रिंकच्या बाटलीच्या मानेवर फ्रीजरचं झाकण अडकून राहिलं होतं, वीतभर उघडं.

"प्रितेस!" ती ओरडली.

सून अमिता धावत आली. "आई, बाटल्या मीच ठेवल्या. सुरमई पण यातलीच काढली. उघडायचं नाही हे मला कुणी सांगितलंच नाही हो." तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा मोबाईलमध्ये बघत होता.

शांतीने एक सुरमई उचलून अंगठ्याने दाबली. खळगा पडला तो भरून आलाच नाही. कोलंबीची तर गतच विचारू नका.

प्रितेशने वाकून वास घेतला. "एवढं काय नाय झालं. आत्ता गोठव, उद्या विकून टाक. मसाल्यात कुणाला कळतंय?"

माल गेला हे शांतीने सोसलं असतं. पण हे पोर आपल्याच पोटचं, या विचाराने तिच्या अंगाची लाही झाली.

"तुज्या सासऱ्याला वाढशील ही?"

"काय पण बोलतेस, आई!"

"मंग माज्या गिऱ्हाइकाला कशी देऊ रं?"

प्रितेश चिडून वर निघून गेला. सगळा माल शांतीने एकटीने परसात पुरला.

गटारीच्या सकाळी रिकामी टोपली घेऊन ती जुईनगरला गेली, दारोदार हात जोडून आली. बायकांनी ऐकून घेतलं. त्यातलं सर्वांत जुनं गिऱ्हाईक, स्मिताताई, दार लावता लावता म्हणाली, "आधी कळवायचं ना, मावशी. आता आम्ही दुसरीकडेच कायमचं ठरवून घेतो."

परतल्यावर तिने कुंदनला बोलावलं आणि फ्रीजरची वायर त्या खटक्यावरून काढायला लावली. रिकामा फ्रीजर साबणाने घासला, पुसला आणि त्यात धुतलेल्या गोधड्या भरल्या. अमिता दारात उभी राहून रडत होती. शांतीला तिच्याशी भांडावंसंही वाटलं नाही.

संध्याकाळी प्रितेशने एसी लावला आणि खटका पडतो का ते बघत पेटीसमोर उभा राहिला. मग खुशीत येऊन म्हणाला, "आई, बघ, आता खटका पडतच नाय!"

"कसा पडंल?" शांती म्हणाली. "आता तितं माजं काय राह्यलंच नाय."