पंधरा मिनिटांची वाफ

"तुमचं कार्ड मी बंद केलंय, मास्तर," सिस्टर म्हणाल्या. दारात आलेल्या माणसाला आल्या आल्या हेच सांगावं का, हे त्यांच्या जरा उशिरा लक्षात आलं.

"बंद म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही वारलात."

"कधी?" मास्तरांनी कापडी मास्क हनुवटीखाली ओढला. "मला कुणी कळवलं नाही ते."

चूक एकट्या सिस्टरची नव्हती, खोलीच्या रिवाजाची होती. दम्याच्या पेशंटना औषधाची वाफ द्यायची ही खोली. इथला माणूस चार महिने आला नाही की वहीत त्याच्या नावावर लाल रेघ मारायची आणि पुढे 'मृत' नाहीतर 'स्थलांतर' लिहायचं. तिसरं कारण अठ्ठावीस वर्षांत लागलंच नव्हतं. त्यात साथीचं वर्ष. बाहेर माणसं पटापट जात होती, आणि इथल्या आठ खुर्च्यांपैकी आधी पाच, मग आठही रिकाम्या झाल्या. मास्तरांच्या शिवणकामाच्या दुकानातला फोन नुसताच वाजत राहिला. शेवटी एका दुपारी सिस्टरनी त्रेपन्न रेघा मारल्या. मास्तरांची रेघ मारताना पट्टी जरा सरकली, तेवढंच.

पुढे एकेक मेलेला माणूस भाजी निवडताना दिसायला लागला. डॉक्टरांनी उलगडा केला. रस्त्यावरच्या गाड्या थांबल्या, धूर खाली बसला, झाडून सगळ्यांनी तोंडं झाकली. त्यामुळे सर्दी-पडसं फिरेना, आणि या लोकांचा दम तर सर्दीच्या पाठीवर बसूनच यायचा.

"साथीनं काहींचं भलंही केलंय, सिस्टर," डॉक्टर हळूच म्हणाले. "पण हे मोठ्यानं बोलायची सोय नाही."

इतकी घरं बसलेली असताना कुठल्या तोंडानं बोलणार? सिस्टरना आनंद झालाच, काळीज काही दगडाचं नव्हतं त्यांचं. फक्त तो आनंद सांगायला खोलीत कुणी नव्हतं.

मास्तर अकरा वर्षं दर मंगळवारी यायचे. वाफेचा मास्क एकदा तोंडावर चढला की पंधरा मिनिटं पेशंटला बोलता येत नाही, आणि ती पंधरा मिनिटं सिस्टर बोलायच्या. गुडघा, शेजारीण, गळकी टाकी, आणि फिरून फिरून भाऊ. आईच्या आजारपणात कुणी किती केलं यावरून त्याच्याशी जे बिनसलं, ते नऊ वर्षं बिनसलेलंच होतं. बाकीचे पेशंट सरळ डोळे मिटून घ्यायचे. मास्तर मान हलवायचे. नळीमुळे ती जेमतेमच हलायची, पण घरच्या भिंती तेवढंही करत नव्हत्या.

"मग आता काय, पुन्हा जिवंत करू तुम्हाला?" सिस्टर वही ओढत म्हणाल्या. मंगळवारचं पानही त्यांनी उघडलं.

"कागद हवाय. लेक म्हणते, आमच्याकडे राहायला या. चौथा मजला, लिफ्ट नाही. इतकी वर्षं जिना बघूनच परत फिरत होतो. जावई म्हणतात, डॉक्टरांनी लिहून दिलं तरच."

नियम सोपा होता. फुंकायच्या यंत्रात जोरानं फुंकायचं. काटा साडेतीनशेच्या वर गेला तर पेशंट मोकळा, खाली राहिला तर मंगळवारची हजेरी. काटा सिस्टरनी वाचायचा, आकडा सिस्टरनी लिहायचा. डॉक्टर फक्त सही करत.

"फुंका."

मास्तरांनी फुंकलं. तीनशे ऐंशी.

सिस्टर काट्याकडे पाहत राहिल्या. तीनच्या जागी दोन लिहायला असा कितीसा वेळ लागतो? म्हातारा माणूस, चार जिने. काळजीपोटी लिहिलं, असं स्वतःला सांगताही आलं असतं.

"किती?"

"थांबा हो, चष्मा पुसते."

"पुसा. तोवर एक राहिलेलं बोलून घेतो," मास्तर म्हणाले. "तुमच्या भावाचं. तुम्ही विचारायचात, 'मी बोलणं तोडलं ते बरोबर केलं ना?' आणि मी मान हलवायचो."

"हो की. दर वेळी."

"ती 'नाही' म्हणून हलवायचो."

सिस्टरचा चष्मा हातातच राहिला. "अकरा वर्षं?"

"नऊ. आधीची दोन गुडघ्याची. त्याला 'हो' होतं."

"मग मास्क काढल्यावर बोलायला काय झालं होतं?"

"पुढचा पेशंट उभा असायचा. आणि खरं सांगू? तुम्ही बोलायच्या बंद व्हाल, असं वाटायचं. मी तरी दुकानात कुणाशी बोलतो? मशीनशी."

"हे आधी कळतं तर रेघ तेव्हाच मारली असती," सिस्टर म्हणाल्या. मग त्यांनी चष्मा लावला आणि कागदावर स्वच्छ अक्षरात तीनशे ऐंशी लिहिलं. डॉक्टरांची सही आणायला त्या स्वतः गेल्या.

"येतो मग," मास्तर म्हणाले.

"येऊ नका. लेकीकडे नीट राहा."

दवाखान्याच्या फाटकापासून रस्ता चढत जातो. पूर्वी मास्तर त्या चढावर तीनदा थांबायचे, धापा टाकत मागे वळायचे, आणि वळलोच आहोत तर म्हणून खिडकीकडे हात करायचे. सिस्टर खिडकीत येऊन उभ्या राहिल्या. हातही त्यांनी थोडा वर आणून ठेवला. मास्तर पहिल्या खांबापाशी थांबले नाहीत, दुसऱ्यापाशीही नाहीत. चाल एकसारखी, पाठ ताठ. वळणावर ते दिसेनासे झाले, तेव्हा सिस्टरनी वर आणलेल्या त्याच हातानं खिडकीची कडी घातली.