अडुसष्ट टक्के

माझा मुलगा सतीश पुण्याला कंपनीत आहे आणि त्याच्या घरात तंबाखूला बंदी आहे. बंदी सुनेची, पौर्णिमाची, आणि मी तिच्याच बाजूची. पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांच्या खिशातून खर्र्याच्या पुड्या काढण्यात माझा जन्म गेला. तरीही मागच्या जानेवारीत सतीश माझ्याकडे गावी, मेडशीला आला, बॅगेतून बारा सिगार काढून म्हणाला, "आई, हे तुह्यापाशी ठेवतो," तेव्हा मी नाही म्हटलं नाही. पोरगा काहीतरी माझ्यापाशी ठेवतोय, एवढंच मला ऐकू आलं.

सिगार त्याने दुबईच्या विमानतळावर घेतले होते. प्रमोशन झालं की मित्रांसोबत ओढायचे, तोवर मुरू द्यायचे. लोणच्यासारखे सिगारही मुरतात हे ज्ञान मला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी झालं.

"मंग फडक्यात गुंडाळून ठेवते कपाटात," मी म्हटलं.

"तसं नाही चालत. सुकतात ते. त्याईले ओल लागते, सत्तर टक्क्याच्या आसपास."

विलायतेत यासाठी लाकडी पेट्या मिळतात म्हणे. सतीशने तालुक्याच्या मालेगावहून चार बाजूंनी खटके लागणारा प्लास्टिकचा डबा आणला, ज्यात आपण चिवडा भरतो तसला. साबणाच्या डबीला भोकं पाडून तिच्यात ओला स्पंज ठेवला. बाजूला एक इवलासा मीटर ठेवला, तो आतली ओल आकड्यात दाखवायचा. मला हुकूम मिळाला की दर रविवारी आकडा पाहून सांगायचा आणि स्पंज सुकला असेल तर भिजवायचा. तोही नळाच्या पाण्याने नाही, बॅटरीत घालतात त्या पाण्याने. मालेगावच्या दुकानदाराने, अर्पितने, मला कॅन देताना विचारलं, "मॅडम, इन्व्हर्टर घेतलं काय?" मी हो म्हणून मोकळी झाले. माझ्याकडे साधी बॅटरीही नाही.

डबा आमच्या यांच्या कपाटात, खालच्या कप्प्यात गेला. शेषराव जाऊन तीन वर्षं झाली होती आणि तो कप्पा तेव्हापासून रिकामाच होता.

आता जे सांगायचं ते सांगते. डबा येण्याआधी सतीशचा फोन महिन्यातून एकदा यायचा. तब्येत कशी आहे, गोळ्या घेतेस का, चल ठेवतो. डबा आल्यावर दर रविवारी सकाळी नऊच्या ठोक्याला फोन वाजू लागला.

"किती हाये?"

"अडुसष्ट."

"वा! एक नंबर ठेवलं तुनं!"

मग तो खुलायचा. सिगारवरून गाडी त्याच्या साहेबावर यायची, साहेबावरून पुण्याच्या ट्रॅफिकवर. मी मुद्दाम शंका काढायचे. वरच्या थरातले सिगार खाली घेऊ का, स्पंज जास्त ओला वाटतो का. फोन माझ्यासाठी नसून सिगारसाठी आहे हे न कळण्याइतकी मी भोळी नाही. पण दिवसभर आपलाच आवाज ऐकणाऱ्या बाईने फोन कशासाठी आला याची उलटतपासणी करू नये. रविवारी साडेआठलाच माझी वेणीफणी, चहा सगळं आटोपलेलं असायचं.

मे महिन्यात पारा चव्वेचाळीसवर गेला. सतीश म्हणाला, डबा तापला तर सिगार वाया जातील. एकटीसाठी कशाला म्हणून मी कूलर लावायचे नाही, तो मी सिगारसाठी काढला, डबा त्याच्यासमोर स्टुलावर ठेवला आणि तिथेच माझीही गादी टाकली. गेल्या तीन उन्हाळ्यांत मला एवढी चांगली झोप लागली नव्हती.

घात झाला ऑगस्टमध्ये. आठ दिवस पावसाची झड लागली होती. मंगळवारी सहज डबा पाहिला तर आकडा एक्क्याऐंशी आणि दोन सिगारवर पांढरे ठिपके! सतीशला फोन केला. तो म्हणाला, "मीटिंगमधी हावो आई, मंग बोलतो." ते 'मंग' दोन दिवस काही उजाडलं नाही. गुरुवारी मात्र लख्ख ऊन पडलं. तुरीच्या डाळीला, गव्हाला, शेवयांना पांढरं दिसलं की आपण काय करतो? ऊन दाखवतो. माझ्या आईने तेच केलं, सासूने तेच केलं. मी स्लॅबवर पांढरं धोतर अंथरलं आणि बाराही सिगार ओळीने मांडले.

शेजारची धनीबाई तिच्या स्लॅबवरून डोकावली. "बाई, हे काय वाळू घालून राह्यल्या?"

"मुळ्या हायेत, औषधी."

"मंग एक मले द्या ना. गुडघे लय दुखून राह्यले."

तिला कसंबसं कटवलं. संध्याकाळी सिगार आणायला गेले तर सगळ्यांची वरची पानं तडकली होती. एक उचलला आणि त्याचा भुगा माझ्या तळहातावर पडला. ठिपके गेले होते, हे खरं. पुढचे दोन दिवस मी डब्यात दोन-दोन स्पंज ठेवून पाहिले. तडकलेलं पान काही सांधलं नाही.

रविवारी नऊला फोन आला. खरं सांगायचं असं ठरवूनच मी तो उचलला होता.

"किती हाये?"

सिगार गेले म्हटलं तर तो रागावला असता, ते मी सोसलं असतं. पण पुढच्या रविवारी त्याने फोन कशासाठी केला असता?

"अडुसष्ट," मी म्हटलं.

त्यानंतर प्रत्येक रविवारी अडुसष्ट. कधी सदुसष्ट, संशय नको म्हणून. रोज सकाळी आमच्याकडे पंचशील म्हणतात, त्यात खोटं न बोलण्याचं शील चौथं येतं. रविवारी मी ते जरा घाईने म्हणायचे. वर्गात खोटं बोलणाऱ्या पोरांना मी बाकावर उभं करायचे, आणि इथे मी स्वतः आठवड्यामागून आठवडा खोटं बोलत होते. लाज वाटत होती. तरी शनिवार आला की आनंदही व्हायचा, तो कसा नाकारू?

नोव्हेंबरात सतीशचं प्रमोशन झालं आणि शनिवारी दुपारी त्याची गाडी दारात आली. मी वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकर केली होती. पण त्याने हात धुवायच्या आधी डबाच काढला. खटके उघडले, एक सिगार दोन बोटांत धरून हलकाच दाबला. पान गळून फरशीवर पडलं.

"आई, मांगल्या रविवारी तर तू अडुसष्ट म्हनली."

"खोटं बोलली मी. ऑगस्टपासून खोटंच बोलून राह्यली."

"काहून?"

त्याने नजर वर करून विचारलं होतं. उत्तर माझ्या जिभेवर होतं. पण मी उठले आणि ताटं घ्यायला आत गेले.

तो चिडला असता तर बरं झालं असतं. जेवताना त्याने हसून माझ्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ दे आई. मित्राईले दुसरे घेईन. तुले उगीचच ताप देला मी. आता अशी कटकट नाही ठेवत तुह्या मांगं." जाण्याआधी त्याने सिगार उकिरड्यावर टाकले, डबा स्वतः घासला आणि म्हणाला, तुले चिवड्याले होईल.

पुढच्या रविवारी वेणी घालून बसले. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. त्याने विचारायचं तरी काय? माझी कटकट मिटवून तो निश्चिंत झाला होता. तिसऱ्या रविवारी नऊ वाजता मीच फोन लावला.

"बोल आई. काय काम होतं?"

गोळ्या संपल्या, नळाला पाणी नाही, काहीही सांगता आलं असतं. तीन महिन्यांत थापा मारण्यात माझा हात चांगलाच बसला होता.

"काम नाही," मी म्हटलं. "तुनं इचारलं होतं, खोटं काहून बोलली. सिगार खराब झाले हे तुले सांगतलं असतं तर तुहा फोन बंद झाला असता. म्हून बोलली. एकटं वाटते रे मले, सतीश. लय एकटं वाटते."

तिकडे टीव्ही चालू होता, पौर्णिमा कुणाला तरी हाक मारत होती. मग दार लावल्याचा आवाज आला आणि मागचं सगळं बंद झालं.

"आई," तो म्हणाला. "बोल तू, मी बसलो हावो." मीही घाई केली नाही.