बावीस हात

गुळाच्या काहिलीला ना नाक असतं ना शेपूट. ती केलेली असते उसाचा रस आटवायला, आणि लखमा भोई तिच्यात माणसं बसवून धरणात घालायचा. एका बाजूनं वल्हं मारलं की काहील दुसऱ्या बाजूला गरकन वळायची. आत बसलेल्याला वाटायचं, आपण जागेवरच आहोत आणि बेटंच आपल्याभोवती फेर धरून राहिलीत. कमलबाईचं डोकं त्यानं गरगरत होतं, तरी मांडीवर दोराचं भेंडोळं आणि त्याला बांधलेली पितळी कळशी घट्ट धरून ती एकाच बेटाकडं बघायची. काहील फिरली की मानही फिरवायची.

साल त्र्याहत्तरचं, वैशाखाचे दिवस. दोन वर्षं पावसानं तोंड दाखवलेलं नव्हतं. धरण इतकं आटलं होतं की पाच वर्षांपूर्वी बुडालेलं धोंडगव्हाण पुन्हा वर आलं होतं. सगळं नव्हे, उंचावरचं तेवढं. महादेवाची टेकडी, पाटलाची गढी आणि वरच्या आळीतला आड, अशी तीन बेटं. खालच्या अंगाची वस्ती, जिथं कमलबाईनं अख्खा संसार केला, तिचं एक ढेकूळही दिसत नव्हतं. म्हणजे बेट व्हायचं नशीबसुद्धा वरच्याच आळीचं. बुडताना सगळे बराबर बुडाले आणि वर येताना पुन्हा आपापल्या पायरीनं आले, असं कमलबाईचा नवरा जळबा म्हणाला होता, आणि स्वतःच हसला होता.

सहल काढली होती त्यांच्या मुलानं, सोनाजीनं. तो हिंगोलीला शाळामास्तर. सुट्टी लागताच बायको पद्माबाई आणि नऊ वर्षांची सुजाता यांना घेऊन तो यष्टीनं सेनगावला उतरला आणि तिथून चालत नव्या गावी आला. लेकराला आपलं जुनं गाव दाखवू, एकदा पाणी चढलं की पुन्हा गेलं, असं त्याचं म्हणणं. गोष्ट खरी होती. पण कमलबाईला गाव बघायचंच नव्हतं. तिला आडाचं पाणी शेंदायचं होतं. आपल्या दोरानं, आपल्या हातानं, एकदा. आज नाही झालं तर कधीच नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणून तिचा जीव सकाळपासून थाऱ्यावर नव्हता.

त्या आडावर त्यांच्या माणसांनी चढायचं नसे. घागर घेऊन पायरीखाली बसायचं. वरच्या आळीची कुणी बाई येईल, तिच्या मनात येईल, ती आपल्या दोरानं शेंदून वरून धार धरील, तोवर वाट बघायची. कमलबाई लग्न होऊन आली तेव्हा तेरा वर्षांची. बसल्याबसल्या पोरीनं करावं तरी काय? ती वरच्या बाईचे हात मोजायची. एक हात, दोन हात, तीन हात. बाविसाव्या हाताला कळशी काठाशी यायची. ज्या आडात तिनं कधी डोकावूनही बघितलं नाही, त्याची खोली तिला अशी तोंडपाठ झाली होती.

छप्पन साली त्यांनी दीक्षा घेतली. कायदाही आधीच झाला होता, पण तो धोंडगव्हाणापर्यंत बहुधा पायी निघाला असावा, लई उशीर लावला त्यानं. शेवटी वस्तीतल्या बायांनीच ठरवलं, येत्या पुनवेला आडावर चढायचं, मग काय व्हायचं ते होवो. पुनवेच्या चार दिवस आधी गाव उठवायची नोटीस आली. जो तो आपली आढी-दारं काढायला लागला आणि बायांचा बेत राहिला तो राहिलाच.

"अवं सोनाजीची माय," जळबानं काहिलीत छेड काढली, "चहूकडं पाणीच पाणी, आन् तू दोर घेऊन निघालीस. लखमाला बांधून ठेवायचं हाय का?"

"मला काहून बांधता?" लखमा वल्हं मारत म्हणाला. "बांधायचं तर वाऱ्याला बांधा. दुपार कलली की वारा सुटतो, आन् काहील वाऱ्याचं ऐकती, माझं न्हाई. त्याच्या आत काठाला लागायचं, सांगून ठेवतो."

कमलबाईनं मान वर करून सूर्य बघितला. "मंग आधी आडाकडंच घे की."

"आड शेवटाला. मधी उथळ हाय, वळसा घालूनच जावं लागतं."

पहिलं बेट महादेवाचं. सोनाजीच्या अंगात तिथं मास्तर संचारला. हे दगड बघ सुजाता, चुना नाही, माती नाही, एकात एक बसवलेत. हा हत्ती बघ, ही नर्तकी बघ, सातशे-आठशे वर्षांचं काम आहे. ज्या देवळाच्या पायरीला त्याच्या बापाला शिवू दिलं नव्हतं, त्या देवळाच्या आत उभा राहून तो पोरीला खांब मोजून दाखवत होता, आणि त्याचा चेहरा नुसता फुलला होता. कमलबाईला ते बघून बरंही वाटलं आणि रागही आला. तिची नजर देवळावर नव्हती, आपल्या सावलीवर होती.

"बघून झालं का?" तिनं तिसऱ्यांदा विचारलं.

"माय, जरा थांब की. एवढी काय जल्दी?"

तिथंच पंचफुलाबाई भेटली, पाटलाच्या घरची सून. वय कमलबाईएवढंच, आता केस पांढरे, गुडघे धरलेले. तिचे लेक देवळामागं वरणबट्टी करत बसले होते आणि तिला गढी बघायची होती. लखमानं तिलाही बसवून घेतलं. दोघी म्हाताऱ्यांचे गुडघे एकमेकींना टेकले. वीस वर्षांमागं असं झालं असतं तर गावात पंचायत बसली असती. आता काहीलच लहान, त्याला कोण काय करणार?

ही पंचफुलाबाई तशी मनाची चांगली. पायरीखाली घागरी दिसल्या की ती कधी तोंड फिरवून गेली नाही. बाकीच्या बाया धार आखडायच्या, हिनं घागर काठोकाठ भरल्याशिवाय कळशी उचलली नाही. कमलबाईनं मोजलेले हात बहुतेक तिचेच होते.

गढीच्या बेटावर जेवणाची पंगत पडली. अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोची भाकरी, लसणाचा ठेचा, शेंगदाण्याची चटणी. लखमानं सकाळी धरलेले मासे निखाऱ्यावर भाजले. पंचफुलाबाईनं पदरात बांधून आणलेले धपाटे मधोमध ठेवले आणि कुणी कुणाला विचारलं नाही, सगळ्यांनी घेतले. जळबानं खडीच्या कामावर मिळालेली सुकडी नातीसाठी जपून आणली होती, ती सुजातानं बोटं चाटत खाल्ली. जेवण असं झालं की एखाद्याला दुष्काळाचा विसर पडावा.  कमलबाई मात्र एक भाकरी चिवडत बसली.

आणि जेवण झालं तर जळबा म्हणाला, भिंतीच्या सावलीला घटकाभर आडवा होतो.

"आडवं व्हायचं तर घरी जाऊन व्हा," कमलबाई उठून उभी राहिली. तिचा आवाज चढला होता. "सकाळधरून बघून राहिले मी. देऊळ झालं, गढी झाली, मासे झाले. माझं काय हाय का न्हाई कुणाला? मला आडावर जायचं हाय. मी शेंदणार हाय. त्याच्यासाठीच आले मी."

 सोनाजी काहीतरी बोलणार होता, पण पद्माबाईनं त्याच्याकडं बघितलं आणि भांडी गोळा करायला घेतली. पद्माबाई मुळातच कमी बोलायची. जळबा अंग झाडून उठला आणि काहिलीत जाऊन बसला.

आडाच्या बेटाला काहील लागली तेव्हा वारा सुटायला लागला होता. बेट कसलं, चार खाटा मावतील एवढा दगडधोंडा. मधोमध आडाचं गोल तोंड आणि खाली उतरलेल्या पायऱ्या. कमलबाई शेवटच्या पायरीशी आली आणि थांबली. कुणी अडवलं नव्हतं, पाय आपोआप थांबले. मग तिला पायांचाच राग आला. लुगड्याचा काठ वर खोचून ती एकेक पायरी चढली आणि काठावर जाऊन उभी राहिली.

पाणी काठापासून हातभर खाली होतं.

धरणाचं पाणी झिरपून आडात भरलं होतं. बाहेर जेवढं, आत तेवढंच. सुजातानं वाकून ओंजळ भरली आणि तोंडाला लावली. "आजी, गार हाय गं," ती म्हणाली.

कमलबाई नुसती बघत राहिली. ज्याच्यासाठी तिनं जन्मभर वाट बघितली, ते नऊ वर्षांच्या पोरीनं वाकून घेतलं होतं. त्याचं तिला वाईट वाटलं नाही, उलट पोरीला दृष्ट लागू नये असंच मनात आलं. पण आपला आड कुठं गेला? महिनाभर उन्हात बसून तिनं वाखाचा दोर वळला होता, बावीस हात आणि वर धरायला दोन, तळहाताची साल निघेस्तोवर. आणि इथं दोराचं कामच उरलं नव्हतं. तिला एकदम म्हातारं झाल्यासारखं वाटलं. हसायला निघालेला जळबाही तिचं तोंड बघून खाली बघायला लागला.

"पी माय घोटभर, आन् चल," सोनाजी हळू आवाजात म्हणाला. "वारा वाढून राहिला."

पंचफुलाबाई गुडघ्यावर हात देत वर आली. तिनं कळशीला हात घातला. "दे इकडं कमळे, मी देते भरून."

म्हणून गेली आणि तिचं तिलाच कळलं. कळशी एका बाजूनं तिच्या हातात, एका बाजूनं कमलबाईच्या. 

"सोडा, पंचफुलाबाई," कमलबाई म्हणाली. "तुमी लई दिलं. धार कधी आखडली न्हाई तुमी, खोटं काहून बोलू? पण आज सोडा."

पंचफुलाबाईनं हात काढून घेतला. "सवय, गं," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरून खाली जाऊन बसली. बसल्यावर तिच्या लक्षात आलं असावं आपण कुठं बसलो ते, पण ती उठली नाही.

कमलबाईनं कळशी आडात सोडली. ती बुडबुडली, भरली आणि खाली निघाली. दोर हातातून सरकत राहिला. भेंडोळं उलगडत गेलं, उलगडत गेलं, आणि शेवटच्या दोन हातांशी येऊन थांबलं. खाली कळशी गाळाला टेकली होती. म्हणजे आड होता तिथंच होता. कमलबाईनं पाय रोवले आणि ओढायला सुरुवात केली. एक हात. दोन हात.

सोनाजी मास्तर होता, त्याला राहवलं नाही. "माय, कळशी तर वरच भरली. खालचं पाणी कुठं यायचं त्याच्यात?"

"मला पाणी न्हाई पाहिजे, सोन्या. मला शेंदायचं हाय."

पाण्यातली कळशी हलकी लागते, जड असतो तो शेवटचा हात. बाविसाव्या हाताला कळशी काठावर आली. पाणी गढूळ होतं. कमलबाईनं कळशी उचलून तोंडाला लावली, वरून, कुणी धार न धरता, आणि घटाघटा प्याली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलं नाही. मग उरलेलं ओतून दिलं आणि कळशी पुन्हा सोडली.

दुसरी झाली, तिसरी झाली. वाऱ्यानं काहील दगडाला आपटायला लागली. "चला आता," लखमा ओरडला. "अजून एक," कमलबाई म्हणाली, आणि तेच तिनं चौथ्या वेळीही म्हटलं.

"आजी, भरायचं काहीच न्हाई," सुजातानं विचारलं, "मंग काहून शेंदून राहिलीस?"

कमलबाईनं दोर न सोडता काठाच्या दगडाकडं मान केली. दगडावर दोरांच्या खाचा पडल्या होत्या, बोट बुडेल इतक्या खोल, आतून गुळगुळीत. "हे बघ. पिढ्यान् पिढ्या दोर घासून पडल्यात ह्या. ही पाटलाच्या घरची. ही देशपांड्याची. ही तेल्याची. आपल्या घरची एक बी न्हाई."

तिचा दोर कुठल्याच खाचेत नव्हता. कोऱ्या दगडावर, जिथं काहीच पडलेलं नव्हतं, तिथून ती ओढत होती. तिथं नुसता एक ओला पट्टा उमटला होता.

"पर एका दिवसात खाच न्हाई पडत, आजी."

"ठाव हाय मला," कमलबाई म्हणाली आणि कळशी पुन्हा आडात सोडली.

तेव्हा दिवसभर गप्प असलेली पद्माबाई पायऱ्या चढून आली. तिनं पदर कमरेला खोचला आणि सासूच्या मागं उभी राहून दोराला हात लावला. "सरका आत्याबाई थोडं," ती म्हणाली. दोघींनी मिळून ओढलं. सुजाता काठाशी उकिडवी बसून मोजायला लागली, एक, दोन, तीन.

लखमानं वाऱ्याकडं बघितलं, मग आडाकडं बघितलं, आणि काहील वर ओढून दगडाला बांधून टाकली.