नान्योंगाचं जुळं

बाळ जन्मलं की त्याची वार केळीच्या बुंध्याशी पुरायची, हे आमच्या बुगांडात कुणाला शिकवावं लागत नाही. वार म्हणजे बाळाचं जुळं. बाळ घरात वाढतं, जुळं केळीत वाढतं, आणि त्या केळीच्या पहिल्या घडावर हक्क बापाच्या आईचा. तेओपिस्ताच्या लेकीची, नान्योंगाची, वार घरामागच्या नाकितेंबे जातीच्या केळीखाली पुरली होती. पहिला घड सासूबाईंनी शेंगदाण्याच्या कालवणाबरोबर चाटूनपुसून खाल्ला आणि वर म्हणाल्या, पोर गोड निघणार. या सासूबाईंना सगळा गाव जज्जा म्हणायचा, म्हणजे आजी. तेओपिस्ताही तेच म्हणे.

पोर गोड निघाली, पण टिकली नाही. चार वर्षांची असताना तापाने बघता बघता गेली. तेओपिस्ताचा नवरा ट्रक घेऊन सरहद्दीपलीकडे जुबाला गेला तो तिकडचाच झाला. त्याच्याबद्दल मी काही बोलत नाही, उगाच तोंड खराब होतं. घरात उरल्या दोन बायका, आणि मागे ती केळ. जुनं खोड पडलं की बुडातून मुनवा, म्हणजे नवा कोंब, यायचा, आणि जज्जा सकाळी त्याच्यापाशी जाऊन बसायची. गावातली भांडणं, दुखणी, लग्नं सगळं त्याला सांगायची.

मग गावाच्या टेकडीवर केळीचा रोग उतरला. पानं पिवळी, घड आतून नासलेला, खोड कापलं की पू गळावा तसा पिवळा चीक. औषध नाहीच. ज्यांनी आयुष्यात केळीशिवाय जेवण जेवण मानलं नाही, ती माणसं मक्याचं पीठ शिजवायला लागली.

तेओपिस्ता सरकारी केळी केंद्रात कामाला होती. तिथे डॉक्टर ओपियो ढोबळ्या मिरचीतला एक गुण काढून केळीत घालत होते, रोग लागू नये म्हणून. रोग शेजारच्या बागेपर्यंत आला, त्या दिवशी तिने नान्योंगाच्या केळीचं निरोगी केळफूल कापलं, पानात गुंडाळलं आणि नेऊन त्यांच्या टेबलावर ठेवलं.

"डॉक्टर, तो मिरचीचा गुण हिच्यात घाला."

"हिच्यातच का?"

"माझ्या मुलीचं जुळं आहे हे."

ओपियो उत्तरेकडचे, ही रीत त्यांची नव्हती. पण तिकडे ओपियो हे नावच जुळ्यातल्या पहिल्याचं. त्यांच्या पाठचा दुसरा जन्मतःच गेला होता. त्यांनी केळफूल उचललं आणि आत गेले.

बाटल्यांमध्ये खळीसारख्या थरावर केळफुलाचे ठिपक्याएवढे शेकडो तुकडे ठेवले होते. बहुतेक काळे पडले. एकाला हिरवं टोक फुटलं. तोवर घरची केळ कुजली होती, बुंध्यासकट उपटून पुरावी लागली होती. तेओपिस्ता जज्जाला बाटली दाखवायला केंद्रात घेऊन आली. वाटेत तिने मिरचीचं सांगितलं.

"माझ्या नातीत मिरची घातली?" जज्जा म्हणाली. "आधी काय कमी तिखट होती ती?"

तिने बाटली हातात घेतली. मग ओपियोंना विचारलं, "ही तीच का?"

"तीच, जज्जा. जशीच्या तशी. एक गुण तेवढा वरचा."

"मग पोरीचंही असं चिमूटभर ठेवलं असतं तर?"

 हाच प्रश्न तेओपिस्ताने कित्येक महिने जिभेवर दाबून धरला होता.

"माणसाचं तसं करत नाहीत, जज्जा."

"करत नाहीत, की येत नाही?"

"कदाचित येईलही एखाद्याला," ओपियो म्हणाले. "पण ती नान्योंगा नसेल. तिच्यासारखी दिसणारी दुसरीच कुणी असेल. तिलाही वाटेल ना, मला मीच होऊ द्या म्हणून."

जज्जाने बाटली उजेडात धरली. "मग ही कोण आहे?"



रोप तारेच्या कुंपणाआड वाढलं. आजूबाजूची साधी केळ मुद्दाम रोग लावून मारली, ही ताठ उभी राहिली. घड असा धरला की खोडाला टेकू द्यावा लागला. पण अशा पिकांना परवानगी देणारा कायदा होईपर्यंत आतलं काहीही बाहेर न्यायचं नाही, खायचं तर नाहीच. घड तोलायचे आणि खड्ड्यात पुरायचे. सगळी टेकडी अर्धपोटी, आणि तेओपिस्ता स्वतःच्या हातांनी मातोके, म्हणजे शिजवून खायची केळी, पुरत होती. जज्जा रविवारी प्रार्थना आटोपली की कुंपणापाशी यायची, तारेतून बघायची आणि म्हणायची, "उंच झाली गं. बापावर गेली."

"एक मुनवा आण," तेओपिस्ता घरी आली की ती रोज म्हणे. "तिच्या जागी लावू. मग मी मरायला मोकळी."

"कायदा होऊ दे, जज्जा. सगळ्यांच्या आधी आपल्या दारात येईल. शब्द देते."

कायदा झाला नाही. कुणी म्हणालं ही केळी विषारी, कुणी म्हणालं परक्यांचा डाव आहे. पैसा देणाऱ्यांनी हात आखडता घेतला आणि वरून हुकूम आला: प्रयोग बंद. सगळी झाडं उपटा, तुकडे करा, चुना घालून पुरा. एक मुनवा जरी बाहेर सापडला, तरी केंद्राला टाळं लागेल आणि बाटल्यासुद्धा फोडाव्या लागतील.

झाडं उपटायच्या दिवशी तपासनीस फाटकावर प्रत्येकीचा कमरपट्टा सोडायला लावून बघत होते. तेओपिस्ताने आपल्या केळीला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. कोयता तिनेच चालवला. चीक मनगटापर्यंत आला.

कुंपणाबाहेरून जज्जाने हाक मारली. तिच्या हातात झाडाच्या सालीचं लालसर वस्त्र होतं, ज्यात आमच्याकडे मेलेलं माणूस गुंडाळतात ते.

एक तपासनीस आडवा आला. "हे काय?"

"कापड आहे, बाळ. आतलं बाहेर न्यायचं नाही म्हणतोस ना? हे बाहेरचं आत चाललंय."

त्याने मान खाली घातली आणि वाट सोडली. तेओपिस्ताने तुकडे वस्त्रात बांधले आणि खड्ड्यात ठेवले. नान्योंगाला पुरलं तेव्हा ती शुद्धीवर नव्हती, तिला कुणी खड्ड्याजवळ जाऊ दिलं नव्हतं. या वेळी तिने सगळं पाहिलं, चुन्याने डोळे झोंबेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी ओपियोंनी तिला बोलावलं. "जमिनीतून पुन्हा काही फुटतं का, ते वर्षभर बघावं लागेल. पहाऱ्यावर तुला एकटीला ठेवतो. मी महिन्यातून एकदा येईन. बाकी कुणी येणार नाही."

"फुटलं तर?"

"नियम तुला माहीत आहे," ते म्हणाले. "विश्वास आहे म्हणून तुलाच ठेवतोय."

पाऊस झाला, आणि जिथून केळ उपटली होती तिथे हिरवं टोक वर आलं. करंगळीएवढं. तेओपिस्ता गुडघ्यावर बसली. फाटकावर कुणी नव्हतं. कमरपट्ट्यात सहज मावलं असतं. घरामागची जागा तिच्या डोळ्यांसमोर आली. मग बाटल्या आल्या, टाळं आलं, मक्याचं पीठ ढवळणारी टेकडीवरची घरं आली, आणि ज्याने केळफूल मुकाट्याने उचललं त्या माणसाचा विश्वास आला. ती खूप रडली. मग काळजावर दगड ठेवून तिने ते मुळासकट उपटलं आणि चुन्यात टाकलं.

"उगवलं का काही?" जज्जाने विचारलं.

"नाही, जज्जा."

केळीचा डाग धुऊन जात नाही. जज्जाने तिची बोटं पाहिली, आणि त्यानंतर पुन्हा कधी विचारलं नाही.

महिनाअखेर ओपियो आले. थेट त्या जागेपाशी जाऊन उभे राहिले. उकरलेली मोकळी माती पाहिली आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"इथे फुटलं होतं ना?"

"फुटलं होतं. उपटलं मी. चुन्यात टाकलं."

त्यांचं हसू गेलं. ते मातीतच खाली बसले.

"टाकलंस?" ते म्हणाले. "मला वाटलं, तू घरी नेलं असशील. त्यासाठीच तर तुला एकटीला ठेवलं."

 तेओपिस्ता बोटांवरचे डाग कमरपट्ट्याला पुसत राहिली, जात नव्हते तरी.

"मग तसं स्पष्ट सांगायचं ना, डॉक्टर," ती म्हणाली.