सरकलेली बेंबी

माझी लेक सई दुपारची फक्त बाबांच्या पोटावर झोपायची. बाबा म्हणजे माझे सासरे, लवू. विक्रोळीच्या कारखान्यातून रिटायर झालेले, बिडी मात्र न सोडलेले. पोटाला कान लावून ती ओरडायची, "आजोबा, घोडा!" खरंच, पोट धप धप उडायचं आणि त्याबरोबर तिचं डोकंही.

"बेंबी सरकली हा," आईंचं निदान. माझ्या सासूबाईंचा हात चाळीत नावाजलेला. कुणाचं पोट दुखलं की बेंबीशी बोटं ठेवायच्या, ठोका वर लागला की तेलाने चोळून खाली आणायच्या. बाबांना तर रोज संध्याकाळी.

बाबांची पाठ धरली तेव्हा निलेशने, माझ्या नवऱ्याने, त्यांना बळेच घाटकोपरला सोनोग्राफीला नेलं. मीही गेले, कडेवर सई.

"पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुगलीये," डॉक्टर म्हणाले. "पाठ दुखतेय म्हणजे कधीही फुटेल. आजच ॲडमिट व्हा, जांघेतून आत नळी बसवू. आणि पोट कुणी दाबायचं नाही हं."

आईंनी हात पदराखाली घेतले.

"गणपती होऊंदेत," बाबा उठलेच. "गावाक माटवी कोण बांधतलो?" गणपतीच्या वर टांगायची ती फळापानांची माटवी दरवर्षी तेच बांधायचे.

"बाबा, फुटलं तर?"

"अगो, तुझ्या सासून इतकी वर्षा बेंबी धरून ठेवल्यान. आणखी आठ दिवस ऱ्हवात ती."

निलेश भांडला, मी रडले. काही उपयोग झाला नाही.

गावी निघायच्या आदल्या दुपारी माटवीचं सामान बांधता बांधता बाबा खाली बसले. अंगाला घाम. "प्रेमा, पोट जरा चोळ गो."

"नको. डॉक्टरान नको सांगितल्यान हा," आई म्हणाल्या. हात पुढे आलेले, तसेच थांबले.

ॲम्ब्युलन्स हायवेला लागली तोवर बाबा गेले होते.

"मी चोळलंय म्हणान फुटला काय गो?" आई मला विचारतात. "की शेवटाक चोळूक नाय म्हणान?"

"दोन्ही नाही, आई. ऑपरेशनच हवं होतं." डॉक्टरांनीही हेच सांगितलं. त्या ऐकून घेतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारतात.

आता सई आईंच्या पोटावर झोपते. आधी कान लावते, जरा वाट बघते. "आजी, तुझ्याकडे घोडा नाय," म्हणते, नि डोळे मिटते. मी समोर बसून हे लिहितेय. आईंचे दोन्ही हात वर, अधांतरी. पोरीच्या पाठीवरसुद्धा टेकवत नाहीत.